सातवीण, सागरगोटा आणि कोयनेल : हिवतापाच्या झाडपाल्याची परीक्षा

पाऊस ओसरू लागला की अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या पट्ट्यात थंडी वाजून ताप येणारे रुग्ण दिसू लागतात. अशा वेळी एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर, सातविणीच्या सालीचा काढा घेतला तर चालेल का? आमच्याकडे पूर्वी तोच द्यायचे." कोणी पारिजातकाच्या पानांबद्दल विचारतो, तर कोणी सागरगोट्याबद्दल.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हिवतापावरची जगातली दोन सर्वांत मोठी औषधे वनस्पतींतूनच आली आहेत. क्विनीन झाडाच्या सालीतून आले आणि आर्टेमिसिनिन एका झुडपाच्या पानांतून. मग आपल्या परसातली सातवीण का नको? ही शंका शंभर-दीडशे वर्षांपूर्वी सरकारलाही आली होती आणि शास्त्रज्ञांनाही. त्यांनी या झाडांची परीक्षा घेतली, एकदा नव्हे तर अनेकदा. त्या परीक्षांची ही हकिकत आहे. ती वाचल्यावर काढ्याचे काय करायचे हे तुमचे तुम्हालाच ठरवता येईल.

पाळीचा ताप आणि त्याची फसवणूक

आपल्या आजी-आजोबांच्या बोलीत मलेरियाला "पाळीचा ताप" म्हणत. हे नाव अगदी अचूक आहे. मलेरियाचा परजीवी आपल्या तांबड्या रक्तपेशींत शिरतो, आत वाढतो आणि ठरावीक वेळाने पेशी फोडून बाहेर पडतो. पेशी फुटल्या की थंडी वाजते, ताप चढतो, मग दरदरून घाम येतो आणि ताप उतरतो. व्हायवॅक्स जातीच्या मलेरियात ही पाळी साधारण ४८ तासांची असते. म्हणजे एक दिवस ताप आणि एक दिवस आराम.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत अशा तापांना विषमज्वर म्हटले आहे. त्याचे अन्येद्युष्क, तृतीयक, चतुर्थक असे पाळीनुसार प्रकारही सांगितले आहेत. इथे एक सावधगिरी बाळगा. आजच्या मराठीत विषमज्वर म्हणजे टायफॉइड. त्यामुळे जुन्या पुस्तकात "विषमज्वरावर उपयुक्त" असे वाचून ते औषध कोणत्या रोगावर आहे हे नुसत्या नावावरून ठरवता येत नाही.

आता या पाळीतली मेख पाहा. सोमवारी ताप आला, तुम्ही काढा प्यालात आणि मंगळवारी ताप नाही. गुण कोणाचा? काढा प्याला नसतात तरी मंगळवारी ताप नसताच. त्यात भर म्हणजे ज्यांना वारंवार मलेरिया झालेला असतो, त्यांच्या शरीरात थोडी प्रतिकारशक्ती आलेली असते. त्यांचा ताप काही दिवसांनी आपोआपही कमी होऊ शकतो. व्हायवॅक्सचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा उठतात. मधल्या काळात माणूस स्वतःला बरा झालेला समजतो.

म्हणूनच हिवतापावर "गुण आला" असे सांगणारी औषधे जगात शेकड्यांनी आहेत. सांगणारे खोटे बोलत नव्हते. त्यांना जे दिसले तेच त्यांनी सांगितले. हा रोगच पाहणाऱ्याला फसवतो.

कोयनेल : गरज सगळ्यांना, परवडणार थोड्यांना

दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाची साल पाळीच्या तापावर चालते हे युरोपला सतराव्या शतकात कळले होते. १८२० मध्ये पेलेतिए आणि कावाँतू या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी त्या सालीतून क्विनीन वेगळे काढले. आपल्याकडे याच क्विनीनचे "कोयनेल" झाले आणि कडूपणाला उपमा म्हणून मराठी घराघरांत रुजले.

पण कोयनेल महाग होते. ब्रिटिशांनी १८६०-६१ मध्ये सिंकोनाची रोपे व बिया पेरूकडून आणून निलगिरीत लावली. मुंबई इलाख्यातही महाबळेश्वरजवळ लिंगमळा येथे लागवड करून पाहिली. निलगिरीत झाड रुजले, लिंगमळ्याला मात्र ते तगले नाही.

सिंकोनाच्या सालीत क्विनीनखेरीज आणखी तीन मुख्य अल्कलॉइडे असतात : क्विनिडीन, सिंकोनीन आणि सिंकोनिडीन. अल्कलॉइड म्हणजे वनस्पतीत तयार होणारे, बहुधा कडू आणि शरीरावर जोरदार परिणाम करणारे रसायन. ही तीन स्वस्त अल्कलॉइडे क्विनीनइतकीच चालली तर खर्च वाचणार होता. म्हणून १८६६ मध्ये सरकारने मद्रास, बंगाल आणि मुंबई इलाख्यांत आयोग नेमले. त्यांपैकी मद्रासच्या आयोगाने २,४७२ रुग्णांवर चारही अल्कलॉइडे वापरून हिशेब मांडला. दर हजारी अपयश असे निघाले : क्विनिडीन ६, क्विनीन ७, सिंकोनिडीन १० आणि सिंकोनीन २३.

एवढ्या मोठ्या संख्येने रुग्णांची नोंद ठेवून औषधांची तुलना करणे ही त्या काळात फार पुढची गोष्ट होती. तरी त्यात एक उणीव होती, आणि तो दोष आयोगाचा नव्हता. "बरा झाला" म्हणजे ताप थांबला, एवढेच त्यांना मोजता येत होते. मलेरियाचा परजीवी तोवर कोणी पाहिलेलाच नव्हता.

किनाऱ्यावरची झाडे सरकारी पुस्तकात

सिंकोनाची लागवड वाढत असतानाच दुसरा शोध चालू होता : इथल्याच मातीतली, इथल्याच बाजारात मिळणारी कडू झाडे. १८६८ मध्ये एडवर्ड वेअरिंग यांनी संपादित केलेली "फार्माकोपिया ऑफ इंडिया" प्रसिद्ध झाली. तिच्यात रायगड किनाऱ्यावरच्या माणसाला चांगली ओळखीची दोन झाडे पाळीच्या तापावरची औषधे म्हणून नोंदली आहेत.

पहिला सागरगोटा. किनाऱ्यालगतच्या कुंपणांत वाढणारी ही काटेरी वेल आणि तिच्या राखाडी, गुळगुळीत, टणक बिया मुली खेळायला घेतात. या बियांतला गर आणि काळी मिरी यांची पूड तापात देत.

दुसरी सातवीण. कोकणच्या जंगलात आणि गावांच्या कडेला हे उंच झाड दिसते. एकेका पेऱ्यावर बहुधा सात पाने आणि पावसाळ्यानंतर उग्र वासाची फुले. लाकूड हलके असल्याने पूर्वी त्याच्या लिहिण्याच्या पाट्या करीत. वनस्पतिशास्त्रातल्या तिच्या नावात "स्कॉलॅरिस" हा शब्द आहे तो त्यामुळेच. साल कडू, म्हणून तापावर.

या शोधात मराठी माणसेही होती. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या १८८३ मधल्या संस्थापकांपैकी एक असलेले डॉ. सखाराम अर्जुन यांनी १८७९ मध्ये मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधींवर पुस्तक लिहिले. पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक असलेल्या रखमाबाईंचे हे सावत्र वडील. पुढे मुंबईतच काम करणाऱ्या विल्यम डायमॉक यांनी दोन सहकाऱ्यांसह १८९० ते १८९३ या काळात "फार्माकोग्राफिया इंडिका" हा मोठा ग्रंथ सिद्ध केला.

सातविणीची कीर्ती तर समुद्रापारही गेली. मनिलातल्या ग्रुपे नावाच्या औषधविक्रेत्याने तिच्या सालीतून "डिटाइन" नावाचा अर्क काढला आणि तो क्विनीनच्या तोडीचा आहे असा दावा केला. दावा खरा ठरला असता तर कोकणातल्या गरिबाला कोयनेलची वाट पाहावी लागली नसती.

प्रश्न बदलला, उत्तरही बदलले

१८८० मध्ये अल्जीरियात लाव्हराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टराने रुग्णाच्या रक्तात मलेरियाचा परजीवी पाहिला. १८९७ मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी तो डासाच्या पोटात पाहिला. या दोन शोधांनी औषध तपासण्याची रीतच पालटली. आतापर्यंतचा प्रश्न होता, "ताप उतरला का?" आता नवा प्रश्न आला, "रक्तातला परजीवी मेला का?"

या नव्या प्रश्नापुढे सातवीण टिकली नाही. विसाव्या शतकात तिच्या सालीतली अल्कलॉइडे मलेरिया झालेल्या पक्ष्यांवर तपासली गेली, परिणाम दिसला नाही. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सालीचे अर्क मलेरियाग्रस्त उंदरांना दिले. परजीवी मारण्याचा अपेक्षित गुण आढळला नाही. एका अर्कामुळे मात्र उंदरांची अवस्था थोडी सुधारली आणि मृत्यू लांबला.

हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. "काही उपयोग नाही" आणि "परजीवी मरत नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या झाडाने भूक सुधारत असेल, अंगाचा दाह कमी होत असेल, थोडी हुशारी वाटत असेल. पण परजीवी रक्तात तसाच असेल तर रोग आत चालूच राहतो.

कडूपणाबद्दलही इथेच सांगतो. सिंकोना कडू, म्हणून कडू ते तापावर, हा तर्क आपल्याकडे खोल रुजला आहे. क्विनीन चालते ते कडू असल्याने नव्हे. परजीवी आपले हिमोग्लोबिन खातो, तेव्हा त्यातून हीम नावाचा त्यालाच विषारी असलेला भाग सुटतो. परजीवी त्याचे निरुपद्रवी खडे बनवून स्वतःला वाचवतो. क्विनीन हे खडे बनू देत नाही आणि परजीवी स्वतःच्याच उष्ट्याने मरतो. ही करामत त्या रेणूच्या घडणीत आहे. कारले, कडुनिंब किंवा काडेकिराईत कडू आहेत, पण त्यांचा कडूपणा वेगळ्या रसायनांचा आहे.

दुसऱ्या महायुद्धात जावा बेट जपानच्या ताब्यात गेले आणि जगाचा क्विनीनचा मुख्य पुरवठा तुटला. तेव्हा अमेरिकेत सुमारे ६०० वनस्पतींचे अर्क मलेरिया झालेल्या पक्ष्यांवर तपासले गेले. १९४७ मध्ये ते निष्कर्ष छापले गेले. काहींत गुण दिसला, पण क्विनीनची जागा त्यांतल्या कोणी घेतली नाही. ती जागा घेतली १९३४ मध्ये प्रयोगशाळेत बनलेल्या क्लोरोक्विनने.

चीनमधून आलेला धडा

मग झाडांचा नाद सोडायचा का? नाही. १९६७ मध्ये चीनने मलेरियाचे नवे औषध शोधण्यासाठी एक गुप्त प्रकल्प सुरू केला. त्यात तू यूयू यांनी जुने ग्रंथ चाळून शेकडो अर्क तपासले. चिंगहाव, म्हणजे आर्टेमिसिया या झुडपाचा अर्क कधी चालायचा, कधी नाही. चौथ्या शतकातल्या ग हाँग यांच्या ग्रंथात त्यांना एक बारकावा सापडला : हे झुडूप उकळायला सांगितलेले नव्हते, पाण्यात भिजवून पिळायला सांगितले होते. उष्णतेने गुण जात असावा, असे त्यांनी ताडले आणि कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला. ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांतला परजीवी शंभर टक्के नाहीसा केला. तू यूयू आणि सहकाऱ्यांनी तो अर्क आधी स्वतः घेऊन पाहिला आणि मगच रुग्णांना दिला. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

या गोष्टीचा शेवट लोक बहुधा असा सांगतात : "बघा, जुन्या ग्रंथात सगळे होतेच." ग्रंथाने दिशा दिली, हे खरे. पण शेकडो अर्कांतून हा एक वेगळा काढला तो परीक्षेने. शिवाय आज आपण वापरतो ते पानांचे पाणी नाही. आर्टेमिसिनिनपासून बनवलेली, मोजून दिलेली आणि दुसऱ्या औषधाच्या जोडीने घ्यायची गोळी आपण वापरतो. आर्टेमिसियाचा चहा मलेरियावर वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

आयुष-६४ ची कसोटी

आता पुन्हा आपल्या सातविणीकडे आणि सागरगोट्याकडे येऊ. आयुर्वेदाच्या केंद्रीय संशोधन परिषदेने १९८० च्या दशकात मलेरियासाठी "आयुष-६४" ही गोळी पुढे आणली. तिच्यात चार वनस्पती आहेत : सातविणीची साल, कुटकी, किराईत आणि सागरगोट्याच्या बिया. म्हणजे १८६८ च्या पुस्तकातली आपली दोन्ही झाडे इथे पुन्हा भेटतात. कोविडच्या काळात हीच गोळी तुम्ही ऐकली असेल, कदाचित घेतलीही असेल.

मलेरियावर तिची खरी कसोटी २००० साली प्रसिद्ध झाली. दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी व्हायवॅक्स मलेरियाच्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला आयुष-६४ आणि दुसऱ्याला क्लोरोक्विन दिले. रक्त तपासत २८ दिवस पाठपुरावा केला. क्लोरोक्विनच्या गटात शंभर टक्के रुग्ण बरे झाले. आयुष-६४ च्या गटात ४८.९ टक्के, म्हणजे जेमतेम निम्मे.

हे आकडे नीट वाचा. निम्मे रुग्ण बरे झाले, म्हणजे गोळी घेतलेल्या दोघांपैकी एक जण "मला गुण आला" असे प्रामाणिकपणे सांगेल. गावात त्याचेच नाव होईल. दुसऱ्याच्या रक्तात मात्र परजीवी शिल्लक राहील किंवा पुन्हा दिसू लागेल. तुलनेला क्लोरोक्विनचा गट नसता आणि २८ दिवस थांबले नसते, तर हा फरक कळला नसता.

वरळीतला पारिजातक

दुसरे उदाहरण अगदी जवळचे, मुंबईतल्या वरळीचे. तिथल्या पोदार आयुर्वेद रुग्णालयात पारिजातकाची पाने मलेरियाच्या रुग्णांना दिली जात होती. आयुर्वेदाचे वैद्य आणि आधुनिक औषधशास्त्राचे डॉक्टर यांनी मिळून ही परंपरा तपासायला घेतली. वापरात असलेल्या औषधापासून सुरुवात करून मागे प्रयोगशाळेकडे जायचे, या पद्धतीला "रिव्हर्स फार्माकॉलॉजी" म्हणतात. तिचे भारतातले मोठे पुरस्कर्ते डॉ. अशोक वैद्य या कामात होते.

२००८ मध्ये त्यांनी १२० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. पाच ताज्या पानांची चटणी दिवसातून तीनदा दिली. ९२ रुग्णांचा ताप आणि परजीवी सात दिवसांत गेले, आणखी २० जण दहा दिवसांपर्यंत बरे झाले आणि ८ जणांना गुण आला नाही. २०१६ मध्ये २० रुग्णांचा आणखी बारकाईचा अभ्यास आला. त्यात परजीवींबरोबर शरीरातला दाह वाढवणारी रसायनेही मोजली होती आणि ती कमी झालेली दिसली.

हे निष्कर्ष आशादायक आहेत. मला या कामाबद्दल आदर आहे, कारण इथे रक्त तपासले गेले आणि गुण न आलेल्या आठ जणांचा आकडाही लपवला नाही. पण या अभ्यासांत प्रमाणित औषध घेणारा तुलनेचा गट नव्हता. पानागणिक औषधी द्रव्य कमी-जास्त असते. सात ते दहा दिवस हा काळही मोठा आहे. आजच्या गोळ्यांनी रक्तातले परजीवी बहुधा दोन-तीन दिवसांत जातात. म्हणून पारिजातकाला अजून पुढच्या परीक्षा द्यायच्या आहेत. घरी वापरून पाहावे अशी ही पायरी नाही.

मग काढ्याने बिघडते काय?

"घेऊन पाहायला काय हरकत आहे?" असे तुम्ही विचाराल. हरकत काढ्याला नाही, वाया जाणाऱ्या दिवसांना आहे.

मलेरियाची फॅल्सिपेरम ही जात रायगडातही भेटते. या जातीत परजीवी भरलेल्या पेशी मेंदूच्या, मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. आज चालत दवाखान्यात येऊ शकणारा माणूस दोन दिवसांत बेशुद्ध होऊ शकतो. लहान मुले आणि गर्भवती यांना धोका अधिक. सुरुवातीचे दोन-तीन दिवस काढ्यावर काढले आणि पाळीमुळे मधल्या दिवशी "उतार पडला" असे वाटले, तर नेमका उपचाराचा वेळ हातचा जातो. आणि हा ताप कोणत्या जातीचा आहे हे अंगाला हात लावून कोणालाच कळत नाही, डॉक्टरलाही नाही. त्यासाठी रक्तच तपासावे लागते.

ताप आल्यावर काय कराल?

१. थंडी वाजून ताप आला की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रक्त तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी आणि मलेरियाचे औषध मोफत मिळते.

२. अहवालात "व्हायवॅक्स" आहे की "फॅल्सिपेरम" हे विचारा. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत.

३. व्हायवॅक्समध्ये क्लोरोक्विननंतर प्रायमाक्विन १४ दिवस दिले जाते. ते यकृतात झोपलेल्या परजीवींसाठी असते. ताप गेला म्हणून ते मध्येच सोडू नका. गर्भवतींना आणि तान्ह्या बाळांना ते देत नाहीत. जी-सिक्स-पीडी या घटकाची कमतरता असलेल्यांना ते अपायकारक ठरू शकते, म्हणून स्वतःच्या मनाने घेऊ नका.

४. फॅल्सिपेरममध्ये आर्टेमिसिनिन गटाचे जोडऔषध दिले जाते. गोळ्या ठरल्याप्रमाणे पूर्ण करा. अर्धवट घेतल्यास उरलेले परजीवी औषधाला दाद न देणारे बनू शकतात.

५. गुंगी, झटके, धाप, सतत उलट्या, गडद लघवी किंवा कावीळ यांपैकी काहीही दिसले तर थेट मोठे रुग्णालय गाठा.

६. काढा घेतला असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. कोणी रागावणार नाही, आणि रागावले तरी सांगा. औषध ठरवताना ते माहीत असणे गरजेचे आहे.

सातविणीची आणि पारिजातकाची झाडे तोडू नका, उलट लावा. पुढचे औषध कदाचित अशाच एखाद्या झाडातून येईल. पण ते प्रयोगशाळेतून, तुलनेच्या गटातून आणि २८ दिवसांच्या रक्ततपासणीतून पार होऊन आले पाहिजे. तोवर तापाच्या पहिल्या दिवशी बोटातून काढलेला रक्ताचा एक थेंबच तुमच्या जास्त कामाचा आहे.